ताडोबा की मेळघाट?
वाघच बघायचाय ना, मग सरळ ताडोबा, चंद्रपूरचं जंगल बऱ्यापैकी सपाट, साग नि बांबू, उन्हाळ्यात पाणवठ्यावर वाघ येऊन बसतो आणि समोर सफारीच्या जिप्सींची लाईन लागते (तेवढं सहन करायचं). तलावात मगरी पण आहेत. मंगळवारी कोअर (जंगलाचा आतला मुख्य भाग) बंद असतं हं.

मेळघाट म्हणजे वेगळंच प्रकरण. १९७३ ला प्रोजेक्ट टायगर सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या ९ व्याघ्र प्रकल्पांमधला हा, पण सातपुड्याचे डोंगर, खोल दऱ्या, त्यात वाघ दिसला तर नशीबच म्हणायचं. गवे, अस्वलं, रानपिंगळा (दुर्मीळ घुबड), कोरकू आदिवासींची गावं, कोलकासला खाली सिपना नदी... मला विचाराल तर मी दुसऱ्यांदा मेळघाटलाच जाईन.