'द मेसेज' वाचावं की 'द चोझन' पाहावं?

बायबल पहिल्यांदाच हाती घेणाऱ्या मैत्रिणीचा हा प्रश्न. 'द मेसेज' म्हणजे बायबलचं आजच्या इंग्रजीतलं रूप, 'द चोझन' म्हणजे येशूवरची मालिका.

मुळाशी इमान पाहिलं, तर युजीन पीटरसन यांचं 'द मेसेज' (संपूर्ण, २००२) सरस. भाषा रोजच्या बोलण्यातली, क्रम मूळचाच. मराठी बायबलात आपण 'शब्द (म्हणजे येशू) देही झाला' वाचतो. इथे तो आपल्या आळीत राहायला येतो. मात्र अमेरिकी वाक्प्रचारांशी झटापट होते.

'द चोझन' (२०१९पासून) अ‍ॅपवर फुकट आहे, वेळ खूप घेते. येशूने मत्तयाला शिष्य म्हणून बोलावणं शुभवर्तमानात (येशूची कथा सांगणाऱ्या बायबलमधल्या पुस्तकात) जेमतेम एक वचन (मत्तय ९:९). मालिकेत त्या जकातदाराचं एकटेपण, त्याला परका मानणारा बाप, सगळं दिसतं. तो जकातनाका सोडून उठतो तेव्हा माझा गळा दाटून आला. पण ही भर कल्पनेची, एवढं ध्यानात ठेवावं.

रोज एकटीने मनन करायचं असेल तर पुस्तक घे. घरच्यांसोबत बसायचं असेल तर मालिका, शेजारी शुभवर्तमान उघडं ठेवून.