प्राग की व्हिएन्ना? आई-बाबांना घेऊन निघालेल्यांसाठी

युरोपच्या सहलीत पॅरिस आणि स्वित्झर्लंड बहुतेकांचं आधीच ठरलेलं असतं. वाद होतो तो उरलेल्या चार-पाच रात्रींवरून, आणि त्यात हल्ली दोन नावं हमखास येतात: प्राग आणि व्हिएन्ना. दोन्ही पाहिलेल्या माणसाला विचारावं तर तो "दोन्ही छान आहेत हो" म्हणून मोकळा होतो आणि विचारणारा होता तिथेच राहतो. मी दोन्हीकडे राहिलोय, बरोबर बायको आणि आई-बाबा होते, आणि माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे. ते कशामुळे झुकलं ते सांगतो. तुमचं वेगळं होऊ शकेल, कारण ज्या गोष्टीने माझा निकाल लागला ती कुठल्याच पुस्तिकेत छापलेली नसते.

पहिल्या नजरेत प्रागच जिंकतं, हे आधीच मान्य करून टाकतो. जुन्या शहराच्या चौकातून कार्लोवा नावाची गल्ली वळणं घेत घेत नदीकडे उतरते आणि एकदम चार्ल्स पुलावर आणून सोडते. चौथ्या चार्ल्सने १३५७ साली बांधायला घेतलेला हा दगडी पूल, दोन्ही बाजूंना मिळून तीस पुतळे, आणि पलीकडे टेकडीवर सगळा किल्ला एका नजरेत. हा पूल सकाळी सहा-साडेसहाला बघावा. भारतातून गेल्यावर पहिले दोन दिवस वेळेच्या फरकाने पहाटेच जाग येते, आणि आई-बाबांच्या पिढीला तर लवकर उठायची सवयच असते, तेव्हा अलार्मसुद्धा लावावा लागत नाही. दहानंतर तोच पूल म्हणजे नुसती रेटारेटी.

किल्ल्यावर जायला खालून नेरुदोवा रस्त्याने चढू नका. २२ नंबरची ट्राम पकडा, वर किल्ल्याच्या थांब्यावर उतरा आणि परत येताना तोच रस्ता उतरत या. आमच्या बाबांचे गुडघे या एका ट्रामने वाचवले. सेंट व्हायटस कॅथेड्रलच्या मनोऱ्याला २८७ पायऱ्या आहेत, तो तरुणांसाठी सोडून द्यावा. त्याऐवजी जुन्या नगरभवनाच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे आणि वरून लाल कौलांचं सगळं शहर दिसतं. त्याच मनोऱ्यावरचं १४१० सालचं खगोलीय घड्याळ बघायला दर तासाला खाली तोबा गर्दी जमते. बारा प्रेषित खिडकीतून येऊन जातात, कोंबडा आरवतो, संपलं. एकदा बघावं, पण त्यासाठी दुपारचं वेळापत्रक बांधून घेऊ नये.

व्हिएन्ना असं पहिल्या तासात मनात भरत नाही. रस्ते रुंद, इमारती अवाढव्य, दोन प्रेक्षणीय ठिकाणांमध्ये बरंच अंतर. पहिल्या संध्याकाळी आमच्या हिने "हे सगळं सरकारी कचेऱ्यांसारखंच दिसतंय" असा शेराही मारला. तिचं मत दुसऱ्या दिवशी बदललं, ते आधी शोनब्रुनमध्ये. राजवाड्यात १४४१ खोल्या आहेत म्हणे, त्यातल्या चाळीसेक दाखवतात आणि तेवढ्या पुरतात. पण मागची बाग सगळ्यांना फुकट आहे, आणि सकाळी तिथे व्हिएन्नातली आजी-आजोबा मंडळी फिरायला येतात. आमचे आई-बाबा त्यांच्यातलेच होऊन गेले. बाक भरपूर, सावली भरपूर. आईला युरोपात सगळ्यात काय आवडलं विचारा, ती आजही तो बाक सांगेल.

चालण्याच्या बाबतीत थोडं स्पष्ट बोलतो. प्रागच्या जुन्या भागात फूटपाथसुद्धा छोट्या दगडांचे आहेत, काळ्या-पांढऱ्या नक्षीचे. दिसायला देखणे, पण चाकांची बॅग त्यावरून ओढताना हात झिणझिणतो आणि पावसात चप्पल घसरते. मेट्रोचे सरकते जिनेही लांबलचक आणि वेगवान आहेत. नामेस्ती मिरू स्थानकातला तर ८७ मीटरचा आहे, आणि आईने पहिल्यांदा पाय ठेवायला बराच वेळ घेतला. व्हिएन्नात सपाट फरशी, खालच्या पायरीच्या ट्राम, स्थानकांत लिफ्ट. तुम्ही दोघंच असाल आणि पाठीवर सॅक असेल तर हा परिच्छेद विसरून जा.

खर्चात प्राग उजवं आहे, यात दुमत नाही. राहणं, जेवण, ट्राम, सगळं स्वस्त. फक्त चलन वेगळं. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात असलं तरी तिथे कोरुना चालते, आणि आमच्या फॉरेक्स कार्डात युरो होते, कोरुना नव्हत्या. त्यामुळे दर वेळी बदलाचे पैसे कापले जात. एटीएम तुम्हाला आपल्या दराने रुपयांत किंवा युरोत हिशेब करून देऊ का म्हणून विचारतं, तेव्हा ठामपणे नको म्हणा आणि कोरुनातच काढा. चौकाचौकातल्या पैसे बदलणाऱ्या दुकानांपासून सावध राहा. एखाद्या ठिकाणी भाव वाईट मिळालाच, तर एक हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करायचा हक्क तिथल्या कायद्याने २०१९ पासून दिलेला आहे. पावती मात्र सांभाळून ठेवा. सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी दहा-वीस कोरुनांची नाणी खिशात ठेवा, त्यावाचून ऐन वेळी अडतं.

शाकाहारी मंडळींची दोन्हीकडे उपासमार होत नाही. प्रागमध्ये तळलेलं चीज आणि बटाटे, बटाट्याचं सूप, लसूण घातलेली बटाट्याची धिरडी. सूपमध्ये मांसाचा रस्सा घातला आहे का ते विचारून घ्या. म्हणजे बटाटा, बटाटा आणि बटाटा, पण चवीला उत्तम. व्हिएन्नात निवड जास्त: लाल भोपळ्याचं सूप, चीज घातलेले श्पेत्झले नावाचे मऊ नूडल्स, नाशमार्क्ट या बाजारात फलाफल, आणि गोडात काइझरश्मार्न, म्हणजे जाड मऊ पॅनकेकचे तुकडे, वर पिठीसाखर आणि बाजूला आलुबुखाराची आंबटगोड चटणी. अंडं चालत नसेल तर हे शेवटचं आणि श्पेत्झले वगळा, प्रागमधलं तळलेलं चीज आणि धिरडीही विचारूनच घ्या.

आता त्या गोष्टीकडे येतो जिने माझा निकाल लावला. पाणी.

प्रागमध्ये जेवायला बसलं की पाणी येत नाही. मागावं लागतं, आणि मागितलं की बाटली येते, विकतची. आमच्या पहिल्याच जेवणाला वेटरने विचारलं, पाणी हवंय का. मी सहज हो म्हटलं. चौघांपुढे चार काचेच्या बाटल्या आल्या, जेमतेम तीनशे मिलिलिटरच्या, मुठीत मावतील एवढ्या. आईने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं, कारण पाणी सोडा घातलेलं होतं. बाबांना जेवणानंतर दोन गोळ्या घ्यायच्या असतात, त्यांची बाटली त्याआधीच संपली होती. आणखी एक मागवली. बिल आलं तेव्हा पाण्याचे पैसे जवळजवळ एका माणसाच्या जेवणाइतके झाले होते. रकमेचं मला तेवढं वाटलं नाही. वाटलं ते पुढच्या जेवणाला आई हळूच म्हणाली त्याचं: "माझ्यासाठी पाणी नको मागवूस, खोलीवर जाऊन पिईन." उन्हात दोन तास चाललेली बाई तहान दाबून बसते, तेव्हा समोरचं शहर कितीही सुंदर असलं तरी माझं लक्ष तिच्याकडेच राहतं.

यात प्रागच्या पाण्याचा दोष नाही. तिथलं नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बरंचसं झेलिव्का नदीवरच्या धरणातून येतं, आणि खोलीवर आम्ही तेच पीत होतो. मागितल्यावर नळाचं पाणी जगमध्ये आणून देणारी हॉटेलंही आहेत, आम्हाला नंतर सापडली. पण दर वेळी विचारा, मिळेल की नाही याचा अंदाज घ्या, साधं हवं म्हणून नेपेर्लिवा हा शब्द आठवा, हे दिवसातून तीनदा करायचं म्हटलं की कंटाळा येतो. बिअर पिणाऱ्यांना ही अडचण जाणवणारही नाही. तिथे अनेक ठिकाणी बिअर बाटलीबंद पाण्यापेक्षा स्वस्त पडते, आणि पिल्स्नर ही बिअर ज्या प्लझेन गावात १८४२ साली जन्मली ते गाव जवळच आहे. आमच्या घरात बिअरला उमेदवार नव्हता.

आणि मग व्हिएन्ना. एका जुन्या कॅफेत आम्ही चार कॉफ्या मागवल्या. प्रत्येक कॉफी लंबगोल धातूच्या छोट्या ट्रेमध्ये आली, आणि प्रत्येक ट्रेमध्ये कपाशेजारी पाण्याचा ग्लास, त्यावर आडवा पालथा ठेवलेला चमचा. कुणी मागितलं नव्हतं. गावाकडे कुणाच्या घरी गेलं की चहाआधी तांब्या-भांडं पुढे येतं, तसं ते पाणी आलं. बाबांनी ग्लास रिकामा केला, गोळ्या घेतल्या, आणि थोड्या वेळाने वेटर न सांगता ग्लास बदलून गेला. पाणी गार होतं आणि खरंच गोड लागत होतं. आई म्हणाली, "हे विहिरीचं असणार."

विहिरीचं नव्हे, डोंगरातलं. व्हिएन्नाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, शंभराहून अधिक किलोमीटरवरून, पंपाशिवाय, नुसत्या उताराने. पहिली जलवाहिनी १८७३ साली सुरू झाली, दुसरी १९१० साली. श्वार्झेनबर्गप्लाट्झला जो उंच उडणारा कारंजा आहे तो पहिल्या वाहिनीच्याच आनंदात बांधलेला. हे पाणी शहरात आणायचा आग्रह ज्याने धरला तो एडवर्ड झ्यूस भूगर्भशास्त्रज्ञ होता, आणि दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडाला गोंडवनाचं नाव देणाराही तोच. आपल्या विदर्भाच्या कडेने पसरलेल्या गोंडांच्या मुलखाचं नाव जगाच्या नकाशावर नेलं त्या माणसाचं पाणी आपण पितोय, हे कळल्यावर बाबा, जे मूळचे चंद्रपूरचे, त्या कारंज्यापाशी मुद्दाम थांबले.

शहरभर हजाराहून जास्त पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, बागेत, चौकात, ट्रामच्या थांब्यापाशी. उन्हाळ्यात गेलात तर एक बाटली बरोबर ठेवा, भरत राहा. जेवणाच्या हॉटेलात मात्र काही ठिकाणी नळाच्या पाण्याचेही थोडे पैसे लावतात, विशेषतः दुसरं काही पेय घेतलं नाही तर. तेवढं मान्य करायला हवं. "लाइटुंग्सवासर", म्हणजे नळाचं पाणी, म्हटलं की काम होतं आणि कुणी भुवया उंचावत नाही. माझ्या अनुभवात तरी नाही.

व्हिएन्नाचा मोठा तोटा म्हणजे रविवार. किराणा दुकानं बंद, बाजार बंद. दूध, फळं, ब्रेड शनिवारीच आणून ठेवा. अडलंच तर मोठ्या रेल्वे स्थानकांतली सुपरमार्केटं उघडी असतात. प्रागमध्ये रविवार इतर दिवसांसारखाच असतो. संध्याकाळच्या रौनकीतही प्राग पुढे आहे. व्हिएन्ना लवकर शांत होतं, तरुणांना ते सपक वाटेल. पण एप्रिल ते जून किंवा सप्टेंबरात जाणार असाल तर संध्याकाळी सरकारी ऑपेराच्या बाजूच्या चौकात जा. आतला प्रयोग बाहेर मोठ्या पडद्यावर थेट दाखवतात, बसायला खुर्च्या, पैसे नाहीत. आतल्या उभ्या जागांची तिकिटंही स्वस्त असतात, पण आई-बाबांना तीन तास उभं कसं करायचं? खुर्च्याच बऱ्या.

मग प्राग कुणी निवडावं? नवं लग्न झालेल्यांनी, मित्रांच्या टोळीने, फोटो काढायची हौस असलेल्यांनी, आणि ज्यांच्या खिशाला ताण नको आहे त्यांनी. त्यांना मी व्हिएन्नाचा आग्रह करणार नाही. पण बरोबर साठी ओलांडलेलं कुणी असेल, वेळेवर गोळ्या असतील, दर तासाला बसायला बाक आणि प्यायला पाणी लागत असेल, तर मी व्हिएन्ना म्हणेन, आणि फारसा विचार न करता म्हणेन.

दोन्ही करायचं असेल तर तेही अवघड नाही. थेट रेल्वे आहे, सुमारे चार तासांची, आणि तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. आधी प्राग करा, म्हणजे दगडी रस्त्यांची पायपीट ताज्या पायांनी होते, आणि मग व्हिएन्नात विसावा. पाच रात्री असतील तर दोन प्रागला आणि तीन व्हिएन्नाला द्या. शेंगेन व्हिसाचा अर्ज जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा असतो. फक्त एवढीच सहल असेल तर तो ऑस्ट्रियाकडे करावा लागेल, पॅरिस-स्वित्झर्लंड जोडलेलं असेल तर रात्री मोजून बघा.