सगळ्या पट्ट्या सारख्याच, तरी पोरं तासभर हलत नाहीत – लाकडी बिल्डिंग सेटचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, सेट घ्या, पण साधा, लाकडाच्या रंगाचाच घ्या. रंगीत नको. का ते पुढे येतंच.

डब्यात काय आहे तर नुसत्या पट्ट्या. चाकं नाहीत, मॅग्नेट नाहीत, एकमेकांत अडकवायला खाचा नाहीत, काहीच नाही. डबा उघडल्यावर नवरा म्हणाला, "एवढंच? बाकीचे पार्ट कुठायत?" बाकीचे पार्ट नाहीतच, आणि तीच तर गंमत आहे. ही आयडिया मूळची काप्ला नावाच्या लाकडी पट्ट्यांच्या खेळण्याची. टॉम व्हान डर ब्रुगेन नावाच्या डच माणसाला किल्ल्याचं मॉडेल करायचं होतं आणि नेहमीच्या चौकोनी ठोकळ्यांनी भिंती होतात पण दाराखिडक्यांच्या वरचा भाग, मजल्याची जमीन, छप्पर हे काही नीट जमेना, म्हणून त्याने ही पातळ लांब पट्टी काढली, 1987 साली. आता तशा पट्ट्या बऱ्याच कंपन्या बनवतात, आमच्याकडचा सेटही त्यातलाच एक.

पट्टी साधी दिसते पण माप डोकं लावून ठरवलंय. जाडीच्या तिप्पट रुंदी आणि रुंदीच्या पाचपट लांबी. म्हणजे तीन पट्ट्या आडव्या एकावर एक ठेवल्या की त्यांची उंची कडेवर उभ्या केलेल्या एका पट्टीएवढी होते, आणि पाच पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या की बरोब्बर चौरस. मुलांना हे कुणी सांगत नाही, हाताला आपोआप कळतं. धाकट्याने एका बाजूला पट्टी कडेवर उभी केली, दुसऱ्या बाजूला दोन आडव्या ठेवल्या, वर पूल टाकला तर तिरका झाला, मग थोडा वेळ नुसता बघत बसला आणि तिसरी सरकवली. पूल सपाट! चेहरा बघण्यासारखा होता.

हे सगळं चालतं ते कटिंग अचूक असेल तरच, आणि म्हणून माझ्या मते या खेळण्यात लाकूड कुठलं, डबा कसला यापेक्षा माप महत्त्वाचं. एकेका पट्टीत केसाएवढा फरक असला तरी वीस थर चढले की बुरूज कलायला लागतो आणि पोराला वाटतं आपलंच चुकतंय. घरी आणल्यावर आठ-दहा पट्ट्या टेबलावर एकमेकींना चिकटवून मांडा आणि वरून बोट फिरवा, कुठे पायरी लागली तर सरळ परत करा. आमच्याकडे आधी दुसऱ्या एका कंपनीचा रंगीत सेट होता, नाव घेत नाही, त्याच्यावर रंगाचा थर कुठे जाड कुठे पातळ आणि वर चकचकीत पॉलिश, त्यामुळे पट्टी पट्टीवरून घसरायची. साध्या लाकडाला जी थोडी पकड असते ना, तिच्यावरच तर हा सगळा डोलारा उभा असतो.

रंग नको म्हणण्याचं अजून एक कारण आहे. लाल तुकडा दिला की तो छप्परच होतो, खिडकी छापलेला दिला की ती खिडकीच, पोराने काय ठरवायचं मग? इथे तीच पट्टी सकाळी पलंग, दुपारी बसचं तिकीट, संध्याकाळी मोबाईल. परवा हॉलभर पट्ट्या पसरलेल्या, मी आपली चालले होते तर ओरडला, "आई, तिकडून नको येऊस, नदी आहे!" बरं म्हटलं, मग जायचं कुठून? तर तिकीट काढून पुलावरून.

मोठीचं वेगळंच. तिला बाल्कनी हवी होती. पट्टी अर्ध्याच्या पुढे बाहेर काढली की पडते, मग तिने मागच्या टोकावर दोन पट्ट्या वजन म्हणून ठेवल्या, अजून पुढे काढली, अजून दोन ठेवल्या. शाळेत हे पुढे कधीतरी चित्र काढून शिकवतील.

बाय द वे, ओपन एंडेड प्ले, म्हणजे काय बनवायचं ते आधी न ठरवलेला मोकळा खेळ, वगैरे शब्द हल्ली जोरात आहेत पण हे काही नवीन खूळ नाही. जर्मनीत फ्रोबेल नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने 1837 मध्ये लहान मुलांसाठी शाळा काढली, त्याच्या साहित्यात लाकडाचे आठ छोटे घन मिळून एक मोठा घन असा संच होताच. आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइट लहानपणी त्याच फ्रोबेलच्या ठोकळ्यांनी खेळलेला.

आता तक्रारी. एक, आवाज. मोठा मनोरा फरशीवर कोसळला की जो खडखडाट होतो, खालच्या मजल्यावरच्यांशी संबंध चांगले ठेवा. गालिचा घातला तर आवाज कमी होतो पण मग काही उभंच राहत नाही, त्यामुळे खाली एक सपाट प्लायवूड टाकून त्याच्याखाली गालिचा, असा जुगाड केलाय. दोन, काही पट्ट्यांच्या कडा खरखरीत निघाल्या, बारीक पॉलिश पेपर फिरवला आणि झालं. तीन, सोबत मॉडेलच्या चित्रांची पुस्तिका येते, ती सुरुवातीला लपवून ठेवा, नाहीतर पोरं चित्रासारखं झालं नाही म्हणून रडतात. आणि मळल्या म्हणून पाण्यात भिजवू नका, लाकूड फुगतं आणि माप जातं, ओलं फडकं पुरे.

तीन वर्षांच्या आतल्यांना मात्र हे नको, त्यांचं सगळं तोंडात जातं आणि मनोरा टिकत नाही म्हणून चिडचिड होते ती वेगळीच. त्यांना मोठे जाड ठोकळे बरे.

किती घ्यायच्या? एका मुलाला 100 तरी हव्यात, दोघं असतील तर 200, नाहीतर शेवटच्या पट्टीवरून मारामाऱ्या. चाळीस-पन्नासचा छोटा पॅक स्वस्त वाटतो पण भिंती उभ्या राहीपर्यंतच संपतो. पुढे वाढवायच्या असतील तर त्याच कंपनीच्या घ्या, दुसऱ्यांच्या माप जुळल्याशिवाय मिसळू नका. सोफ्याखाली पाच-सहा गेल्या तरी काही अडत नाही, सगळ्या सारख्याच आहेत ना.