डेअरीच्या वहीला एसक्यूलाइटची विंडो फंक्शन्स: दीड वर्षाचा अनुभव

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध डेअरीचा हिशेब माझ्याकडं आहे. तो मी एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ठेवतो. सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या, दहा दिवसांनी बिल, बिलातनं पेंडीची उचल कापायची. बिल हातात पडलं की प्रत्येकाचं विचारणं एकच: "माझं अजून किती फिटायचंय?"

डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, म्हणजे क्वेरीत, गट पाडणारा 'ग्रुप बाय' माणसामागं एकच बेरीज देतो, मधल्या ओळी दिसत नाहीत. विंडो फंक्शन ओळी जागच्या जागी ठेवून प्रत्येकीपुढं तिथपर्यंतची बाकी मांडतं. उचल अधिक, कपात उणे धरायची. बेरजेच्या 'सम'पुढं 'ओव्हर', त्यात 'पार्टिशन बाय' (गट कशावर) सभासद क्रमांक, 'ऑर्डर बाय' (क्रम कशावर) तारीख. आता दूध घालणाऱ्या मावशी बिलावर बोट ठेवून स्वतःच बाकी बघतात. मला याचं फार समाधान आहे.

दुधाच्या चालू बेरजेत मात्र पहिल्याच बिलाला मी अडकलो. सकाळी 4 लिटर, संध्याकाळी 3, आणि दोन्ही ओळींपुढं 7! चौकट, म्हणजे बेरीज कुठून कुठपर्यंतच्या ओळींची, हे सांगितलं नाही तर 'रेंज' प्रकार धरला जातो, आणि एका तारखेच्या ओळी बरोबरीच्या ठरून एकदमच बेरजेत येतात. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्येही हाच नियम आहे. तारखेच्या जोडीला पाळी लावली, तर संध्याकाळ आधी आली, कारण अक्षरांच्या क्रमात 'सं' हा 'सक'च्या आधी लागतो. शेवटी पाळीला 1 आणि 2 आकडे दिले.

नावावर पार्टिशन करू नका. आमच्याकडं एकच माणूस एका वहीत मराठीत, दुसरीत कन्नडात लिहिलेला असतो. फाईलीत दोन्ही लिप्या नीट राहतात, पण एका माणसाची दोन खाती होतात.

मागची ओळ आणणाऱ्या 'लॅग' या विंडो फंक्शननं मागच्या पाळीपेक्षा फॅट किती उतरलं ते कळतं. पण ते मागची ओळ आणतं, मागचा दिवस नव्हे. चार दिवस खाडा पडला असला तर तारखाही तपासा. शिवाय ओळी गाळणाऱ्या 'व्हेअर'मध्ये विंडो फंक्शन चालत नाही, क्वेरी आत घालून बाहेरून गाळावं लागतं. हा वळसा मला अजून खटकतो.

एसक्यूलाइटला पैसे लागत नाहीत, सगळा डेटा एका फाईलीत. आवृत्ती 3.25 किंवा पुढची हवी. ही सोय 2018 मध्ये आली, त्याआधीच्या आवृत्तीत 'ओव्हर' लिहिलं की चूक दाखवते.