७.८ इंच, पण कशाचे?

माझ्या धाकट्या बहिणीला मांगाचं, म्हणजे जपानी कॉमिक्सचं वेड आहे, आणि त्याच वेडापायी ती जपानीही शिकते. पडद्यावर पुस्तकं वाचायच्या ई-रीडरसाठी तिने स्वतः पैसे साठवले आणि निवडायचं काम माझ्यावर सोपवलं. त्यामुळे फसलो याचा राग आहेच, पण तिचे पैसे माझ्या हातून गेले हे जास्त लागलंय.

आकाराचा अभ्यास मी केला होता. शोनेन, म्हणजे किशोरवयीन मुलांसाठीच्या मांगाच्या छापील खंडाचं पान साधारण ११२ बाय १७४ मिलिमीटर असतं. ६ इंची स्क्रीन जेमतेम ९१ बाय १२२. पूर्ण पान त्यात बसवलं की उंची सत्तर टक्क्यांवर येते आणि क्षेत्रफळ जवळपास निम्मं होतं. कादंबरीचं यात काही अडत नाही. अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने जुळतात. मांगाचं पान मात्र अख्खं चित्र असतं, फुग्यातली अक्षरंही चित्रासोबतच आक्रसतात. कांजी या जपानी चिन्हाक्षरांशेजारी उच्चारासाठी छापलेली इवलीशी फुरिगाना तर सगळ्यात आधी जाते. ७.८ इंचांवर तेच पान नव्वद टक्क्यांपर्यंत राहतं. म्हणून ७.८ ठरलं.

एका ऑनलाइन बाजारात जाहिरात दिसली: 'मांगासाठी खास, ७.८ इंच, न वापरलेला'. किंमत इतरांपेक्षा कमी, पण संशय यावा इतकी नाही. फोटोत एका अंगठ्याने धरलेला रीडर आणि त्यावर मांगाचं पान. तरीही मी विचारलं, "स्क्रीन ७.८ इंचच आहे ना?" उत्तर आलं, "हो सर, साइज ७.८ कन्फर्म." मी स्क्रीनचं विचारलं होतं, त्याने साइजचं सांगितलं. हा फरक तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

पार्सल आलं, तिने हौसेने उघडलं. दोन दिवसांनी हळूच म्हणाली, "दादा, माझा नंबर वाढलाय का रे? फुरिगाना दिसतच नाहीये." आणखी एक तक्रार होती. मांगातल्या राखाडी छटा बारीक ठिपक्यांनी बनतात, त्याला स्क्रीनटोन म्हणतात. पान लहान करताना ते ठिपके स्क्रीनच्या पिक्सेलशी जुळले नाहीत तर त्यांच्या जागी लाटांसारखी, जाळीसारखी नक्षी उमटते. तिच्या रीडरवर प्रत्येक आभाळात आणि प्रत्येक शर्टावर ती जाळी होती. आधी आम्हाला फाइल खराब वाटली. मग रीडर आडवा धरून पाहिला. अक्षरं वाचता आली, पण एका वेळी अर्धंच पान दिसायचं आणि उभ्या चौकटी मधूनच कापल्या जायच्या. दोन पानांवर पसरलेल्या चित्राची तर रयाच गेली.

शेवटी पट्टी घेतली. स्क्रीनचा कर्ण १५२ मिलिमीटर, म्हणजे ६ इंच. मग सहज म्हणून बाहेरच्या प्लॅस्टिकच्या चौकटीचा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कर्ण मोजला: १९७ मिलिमीटर. ७.८ इंच! स्क्रीनशॉट काढून पाहिला तर चित्र ६०० बाय ८०० पिक्सेलचं, म्हणजे इंचाला १६७ पिक्सेल. आजच्या चांगल्या ६ इंची रीडरवरही ३०० असतात.

विक्रेत्याचं म्हणणं, "साइज डिव्हाइसचा लिहिलाय, सील तोडलंय, परत घेता येणार नाही." स्क्रीन असलेल्या कुठल्याही वस्तूचे इंच स्क्रीनच्या कर्णाचेच सांगतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. चूक झाली असती तर त्याने माझ्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं असतं.

जाहिरातीतला फोटो नंतर मोठा करून पाहिला. चौकटीवर दिव्याची चमक, पण पानावर तिचा मागमूस नाही. पान छापील कागदाहून पांढरं. ई-रीडरचा ई-इंक पडदा तर कायम थोडा राखाडी दिसतो. पान वरून चिकटवलेलं होतं.

तुम्ही घेणार असाल तर विक्रेत्याला इंच विचारू नका, दोन्ही बाजूंचे पिक्सेल विचारा. १४०४ बाय १८७२ असतील तर कर्ण २३४० पिक्सेलचा होतो. ३०० ने भागलं की बरोबर ७.८. हाच १४०४ बाय १८७२ चा आकडा १०.३ इंची रीडरवरही असतो, तिथे तो इंचाला २२७ पडतो. म्हणून पिक्सेल आणि घनता, म्हणजे इंचाला किती पिक्सेल, दोन्ही लेखी मागा. आणि पडद्यावर तिरकी पट्टी ठेवून, रीडर चालू असतानाचा फोटो मागा. खरा माल असेल त्याला एवढ्यासाठी एक मिनिट पुरतं. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि पट्टी त्याच व्हिडिओत लावा. आम्ही तो काढला नाही, आणि त्या बाजाराने आमची तक्रार त्याच कारणावरून फेटाळली.

दुसऱ्यांदा तक्रार केली आहे, या वेळी पट्टीचे फोटो आणि विक्रेत्याचा मेसेज जोडून. काल तिथे डोकावलो तर तीच जाहिरात वेगळ्या नावाने लागली आहे. तोच अंगठा, तेच पान, आणि खाली आता लिहिलंय '८ इंच'.