सनस्मार्ट ग्लोबल यूव्ही अॅप: फोनमध्ये ठेवाच

ऊन किती कडक आहे हे आपण सगळेच अंगाला चटका किती बसतो त्यावरून ठरवतो आणि खरा घोळ तिथेच होतो. कारण उन्हाची ऊब जाणवते ती मुख्यतः इन्फ्रारेड किरणांमुळे, आणि कातडीच्या पेशींमधला डीएनए बिघडवतात ते अल्ट्राव्हायोलेट, जे ना दिसतात ना जाणवतात. म्हणजे गार वारा सुटलाय, आभाळ पातळ ढगांनी भरलंय, आणि यूव्ही इंडेक्स, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट किती जोरात आहेत ते सांगणारा आकडा, मात्र ७, असं अगदी होऊ शकतं. हे अॅप नेमकं हेच डोक्यात बसवतं, म्हणून मुद्दाम लिहितेय.

अॅप फुकट आहे. जागतिक आरोग्य संघटना, जागतिक हवामान संघटना, युनोचा पर्यावरण कार्यक्रम आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना अशा चौघांनी मिळून २०२२ मध्ये आणलं, आणि त्यामागे काम आहे ऑस्ट्रेलियातल्या लोकांचं, ज्यांनी १९८१ मध्येच 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' म्हणजे शर्ट घाला, सनस्क्रीन लावा, टोपी घाला असं सांगायला सुरुवात केली होती. कामगार संघटना यात आहे हे मला फार आवडलं, कारण दिवसभर उन्हात उभं राहून राबणाऱ्यांना धोका सगळ्यात जास्त आणि त्यांना सांगायला मात्र कुणी जात नाही.

वापरायला एकदम सोपं. गाव शोधायचं, की पाच दिवसांचा यूव्ही आणि हवामानाचा अंदाज समोर येतो, आणि आज किती ते किती वाजेपर्यंत जपायचं ती वेळ दाखवतात. मला सगळ्यात उपयोगी वाटली ती ही वेळ, कारण "उन्हात जाऊ नका" असं नुसतं सांगून कोण ऐकतं, पण अमुक ते अमुक सांभाळा म्हटलं की माणूस कामं पुढेमागे करतो. माझा भाऊ पोरांना मैदानावर प्रॅक्टिस देतो, तो आता आदल्या रात्री हे बघून वेळ ठरवतो. हिशोब साधा आहे, ० ते २ असेल तर विशेष काही नाही, ३ झालं की टोपी, पूर्ण बाह्या, गॉगल, सनस्क्रीन, आकडा ८ किंवा वर गेला की भर दुपारी शक्यतो बाहेर पडूच नका आणि ११ किंवा वर म्हणजे अतितीव्र. फोन जवळ नसेल तर आपली सावली बघा, ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर यूव्ही जोरात आहे समजा.

सनस्क्रीनबद्दल थोडं माझ्याकडून, कारण बहुतेक लोक बोटभर घेऊन तोंडाला पुसतात आणि झालं म्हणतात. चेहरा, मान, कान मिळून एक चमचाभर लागतं, बाहेर पडायच्या २० मिनिटं आधी लावायचं आणि दर दोन तासांनी परत, घाम आला किंवा पाण्यात गेलात तर त्याच्याही आधी. एसपीएफ (सनस्क्रीन किती संरक्षण देतं तो बाटलीवरचा आकडा) ३० नीट जाड लावलं तर साधारण ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणारे अल्ट्राव्हायोलेट, अडवतं, ५० वालं ९८ टक्के, तेव्हा महागडा आकडा शोधण्यापेक्षा लावायचं प्रमाण बघा.

सावळ्या, काळ्या रंगाच्या लोकांना मेलॅनिनमुळे, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या द्रव्यामुळे, धोका कमी असतो हे खरं, पण अजिबात नाही असं नाही, आणि डोळ्यांना मोतीबिंदूचा धोका सगळ्यांनाच. शिवाय अशा लोकांमध्ये मेलॅनोमा (कातडीचा एक घातक कॅन्सर) बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो, त्याचा उन्हाशी फारसा संबंध नाही म्हणून कुणी तिथे बघतच नाही आणि निदान उशिरा होतं. अॅप तुमच्या अंगावरचे तीळ काही बघणार नाही, ते आंघोळीच्या वेळी तुम्हीच बघायचं. तीळ दोन्ही बाजूंनी सारखा नाही, कडा वेड्यावाकड्या आहेत, एकाच तिळात दोन-तीन रंग दिसतायत, आकार ६ मिलिमीटरच्या वर गेलाय किंवा काही महिन्यांत बदललाय, नखाखाली काळी रेघ रुंद होत चाललीय, जखम आठवडे झाले तरी भरत नाही, यातलं काहीही दिसलं तर घरगुती लेप वगैरे न लावता सरळ स्किनच्या डॉक्टरकडे जा.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला कारण आकडा शेवटी अंदाजच, तुमच्यासमोर नेमकं काय आहे ते त्याला कळत नाही. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत यूव्ही परत फेकतो, कोरडी वाळू साधारण १५ टक्के, त्यामुळे अशा ठिकाणी जाणार असाल तर अॅपवर दिसतंय त्यापेक्षा जास्तच धरून चाला.