गांज्याच्या बियांची दोन पाकिटं आणि ग्वेल्फमधला आमचा पहिला हंगाम

फेब्रुवारीच्या शेवटी, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, गावातल्या परवानाधारक दुकानातून मी बियांची दोन पाकिटं आणली. दोन्हींत चार-चार बिया, दोन्ही मादी झाडांच्याच, म्हणजे फेमिनाइज्ड. एक पाकीट नेहमीच्या जातीचं, जिला इथे फोटोपीरियड म्हणतात. दुसरं ऑटोफ्लॉवरचं. दोन्ही पाकिटांना मिळून ऐंशी डॉलरच्या आसपास पडले. दोन्हीतल्या दोन-दोन बिया लावल्या, एकाच अंगणात, एकाच मातीत. आता सगळा माल बरण्यांत जाऊन स्थिरावला आहे, तेव्हा या दोन्ही पाकिटांबद्दल सविस्तर लिहिते. पहिल्यांदाच उघड्यावर लावणाऱ्या आपल्या लोकांना त्याचा उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं, कारण आम्हाला मराठीत असं सांगणारं कोणी भेटलं नाही.

आधी कायद्याचं. आम्ही कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतातल्या ग्वेल्फ गावात राहतो. १७ ऑक्टोबर २०१८ पासून इथे हे कायदेशीर आहे. एका घरामागे चार झाडं. माणशी नव्हे, घरामागे. वय १९ पूर्ण हवं, बी परवानाधारक ठिकाणाहूनच घ्यायचं आणि विकायचं अजिबात नाही. भाड्याने राहत असाल तर करारनामा नीट वाचा, कॉन्डोत असाल तर सोसायटीचे नियम बघा. शेजारच्या क्वेबेकमध्ये घरी एकही झाड लावता येत नाही, आणि तो प्रांताचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मान्य केला. भारतात एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली (१९८५) लागवड हा गंभीर गुन्हा आहे. इथून ग्रॅमभरही सामानात घालून नेऊ नका, भारतात नाही आणि गाडीने दोन तासांवरच्या अमेरिकेतही नाही. सीमा ओलांडून नेणं हा कॅनडाच्या कायद्यानेही गुन्हाच आहे. आमची मुलं मोठी होऊन बाहेर पडली आहेत. घरात लहान मूल असतं तर मी हे लावलंच नसतं.

आता पाकिटं.

फोटोपीरियडच्या पाकिटावर ठळक लिहिलं होतं: फुलोरा ५६ ते ६३ दिवस. मी द्राक्षवाल्याची मुलगी, पिंपळगाव बसवंतची. आमच्याकडे बाग दिवसांवर चालते. छाटणीला किती दिवस झाले, हा प्रश्न जेवताना भाजी वाढावी इतक्या सहज विचारला जायचा. त्यामुळे '५६ दिवस' वाचून मला आपल्या ओळखीचं काही हाती आल्यासारखं वाटलं. एप्रिलमध्ये बी, मेअखेर बाहेर, जुलैत फुलोरा, सप्टेंबरच्या सुरुवातीला काढणी, असं कॅलेंडरवर पेन्सिलने लिहूनही टाकलं.

तिथेच चुकलं. ५६ दिवस कुठून मोजायचे ते पाकिटावर नव्हतं.

हे झाड आपल्या तुरीसारखं आहे, शेवंतीसारखं आहे. दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय ते फुलावर येत नाही. आपल्याकडे शेवंती लांबवायला शेतकरी रात्री बल्ब लावतात, तेच गणित. नाशकात जूनमधला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या जरा पुढे जातो. ग्वेल्फ आहे साडेत्रेचाळीस अक्षांशावर, इथे तो साधारण १५ तास २५ मिनिटांचा. ऑगस्टच्या मध्याला कुठे तो १४ तासांवर येतो. म्हणजे एप्रिलमध्ये बी टाका नाहीतर जूनमध्ये, झाड ऑगस्टपर्यंत फक्त उंच आणि रुंद होत राहणार. लवकर लावल्याने माल लवकर येत नाही, झाड तेवढं मोठं होतं. आमच्या झाडांवर पहिले पांढरे केस, म्हणजे फुलोऱ्याची पहिली खूण, दिसले ११ ऑगस्टला. त्यात ५६ मिळवा: ६ ऑक्टोबर. ६३ मिळवले तर १३ ऑक्टोबर. आणि ग्वेल्फमध्ये पहिला फ्रॉस्ट, म्हणजे गोठलेलं दव, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला पडतो.

ही बेरीज मी ऑगस्टमध्ये, अंगणात उभी राहून बोटांवर केली. ती फेब्रुवारीत, दुकानातच करायला हवी होती. त्याच संध्याकाळी आप्पांना, माझ्या वडिलांना, व्हिडिओ कॉल लावला. झाड त्यांना जूनपासूनच माहीत होतं. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा बराच वेळ गप्प राहिले, मग "तिकडं चालतं ना नक्की?" असं दोनदा विचारलं, आणि तिसरा प्रश्न पाणी कसं देतेस हा होता. ऑगस्टातल्या त्या दिवशी मात्र त्यांचा आवाज चढला. म्हणाले, "अगं, माल कधी काढायचा ते आधी धरायचं आणि तिथून मागं मोजत छाटणीवर यायचं. तू पुढं मोजत बसलीस होय?"

कंपनीला मी ईमेल केला की आमच्या अक्षांशावर फुलोरा कधी सुरू होतो ते पाकिटावर छापा, किमान कोणत्या भागात उघड्यावर लावायला ही जात योग्य आहे तेवढं तरी लिहा. चार दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं: हवामानानुसार फरक पडतो. कॅनडात विकल्या जाणाऱ्या बियांवर कॅनडातला शरद ऋतू धरलेला नसावा, ही माझी या पाकिटाबद्दलची मुख्य तक्रार आहे आणि ती मी मागे घेणार नाही.

उगवणही जेमतेम. १२ एप्रिलला दोन बिया भिजवल्या, एक आली, एक कुजली. तिसरी टाकली, ती आली. ऑटोच्या दोन्ही तिसऱ्या दिवशी वर.

ऑटोफ्लॉवर ही वेगळीच चीज आहे. तिच्यात रुडेरॅलिस नावाच्या थंड प्रदेशातल्या रानटी वाणाचं रक्त आहे. ती दिवसाची लांबी बघत नाही, स्वतःचं वय बघते. तीन-चार आठवड्यांची झाली की फुलायला लागते, मग बाहेर १५ तास उजेड का असेना. पाकिटावर लिहिलं होतं, पेरणीपासून ७५ ते ८५ दिवस. मोजायला कुठून सुरुवात करायची ते इथे स्वच्छ कळतं. इकडे मेमध्ये २५ तारखेच्या आधीच्या सोमवारी व्हिक्टोरिया डेची सुट्टी असते, आणि त्या आठवड्याच्या आत इथला कोणी जुना माणूस टोमॅटो बाहेर लावत नाही. ती सुट्टी संपल्यावर, २५ मेला, मी दोन्ही बिया थेट मोठ्या कुंडीत टाकल्या. ऑटोचं रोप एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत हलवू नये. तिच्याकडे दिवस मोजके असतात, मुळं दुखावली की सावरायला घेतलेला आठवडा तिला परत मिळत नाही.

पहिलं झाड १४ ऑगस्टला काढलं, ८१व्या दिवशी. दुसरं १९ ऑगस्टला, ८६व्या. आकाश निळं, हवा कोरडी, झाडावर एक डाग नाही. काढणी कधी करायची ते तारखेवर सोडलं नाही. सोनाराचं साठ पटीचं भिंग घेऊन कळीवरचे राळेचे बारीक दाणे पाहत होते. आधी काचेसारखे पारदर्शक असतात, मग दुधाळ होतात, मग त्यातला एखादा मधासारखा पिवळसर दिसायला लागतो. दहातला एक पिवळा झाला तेव्हा कात्री लावली. भिंगाखाली ते पहिल्यांदा नीट दिसलं तेव्हा मी नवऱ्याला हाक मारून बाहेर बोलावलं आणि आम्ही दोघं आळीपाळीने पंधरा मिनिटं तेच बघत होतो.

याच सुमाराला फोटोपीरियडच्या झाडांनी सहा फुटी कुंपणाच्या वर डोकं काढलं होतं. दिसायला देखणी, त्यात वाद नाही. खोड माझ्या मनगटाएवढं. शेजारच्या आजींना आम्ही मेमध्येच जाऊन सांगून आलो होतो, त्यामुळे सप्टेंबरात वास सुटला तेव्हा त्यांनी तक्रार केली नाही. वास जबरदस्त असतो, हे शेजाऱ्यांना आधी सांगा.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तीन दिवस रिपरिप पाऊस लागला. २५ तारखेला सकाळी सगळ्यात जाड तुऱ्याच्या मधोमध एकच लहान पान वाळलेलं दिसलं. बाकी सगळं हिरवंगार, आणि मधेच ते एक तपकिरी पान. चिमटीत धरून ओढलं तर ते ओढावंच लागलं नाही, लोण्यातून सुरी निघावी तसं सुटून हातात आलं. तुरा दोन बोटांनी उकलला. आत राखाडी लव, आणि दांडा मऊ पडलेला. बोटाने दाबलं तर बारीक धूर उडावा तशी बुरशीची पूड उडाली. ही बॉट्रायटिस. हीच बुरशी द्राक्षालाही लागते. आप्पांनी फोटो पाहिल्या पाहिल्या ओळखली. "घड घट्ट आहे, आत पाणी बसलं. विरळणी केली नाहीस ना?" नव्हती केली. द्राक्षाच्या घडातले मणी विरळ करायला लहानपणी मी स्वतः बसलेली आहे, आणि इथे मात्र जाड तुरा बघून खूश होत राहिले. आतली पानं आणि खालच्या बारीक फांद्या जुलैअखेर काढल्या असत्या तर हवा खेळली असती.

ते झाड २७ तारखेला अर्धं फेकून अर्धं काढलं. बुरशी लागलेला भाग वाळवून वापरायचा मोह कोणीही करू नये, ते फुफ्फुसात जातं. दिसणाऱ्या डागापासून दोन बोटं पुढचंही कापून टाकलं. दुसरं झाड ७ ऑक्टोबरपर्यंत कसंबसं टिकवलं, रोज सकाळी हलवून दव झटकायचं, रात्री जुनी चादर घालायची. ८ तारखेच्या पहाटे गवतावर पांढरं पडलं होतं. भिंगाखाली अजून निम्मे दाणे पारदर्शक होते.

वाळल्यावर वजन केलं. दोन ऑटो मिळून ११३ ग्रॅम. फोटोपीरियड मिळून २३५, तेही एवढं फेकून. म्हणजे नुसता भार हवा असेल तर फोटोपीरियडच पुढे, ते मी लपवत नाही. पण आम्हा दोघांना शनिवारी संध्याकाळी थोडंसं लागतं. ११३ ग्रॅम वर्षभर पुरून उरेल. वासात तर ऑटोचा माल कितीतरी वर आहे: संत्र्याच्या सालीसारखा, मागे मिरीचा झोक. फोटोपीरियडच्या पुरत्या न पिकलेल्या मालाला अजून ओल्या गवताचा वास येतो.

दोन्ही जातींची झाडं मी कापडी कुंड्यांत लावली, त्याबद्दल थोडं. ऑटोला पाच गॅलनची, म्हणजे साधारण १९ लिटर. मोठ्यांना १५ गॅलनची. पाणी साचत नाही, मुळं कडेला गोल गोल फिरत नाहीत, या गोष्टी खऱ्या आहेत. जुलैत मात्र त्या भराभर सुकतात. मोठ्या झाडांना सकाळ-संध्याकाळ पाणी लागायचं, आणि आम्ही दोन दिवस लेकाकडे गेलो तेव्हा शेजारच्या आजींनाच सांगावं लागलं. पाच गॅलनची कुंडी पाऊस आला की एका हाताने उचलून गॅरेजमध्ये ठेवता येते. पंधराची ओली कुंडी आम्हा दोघांनाही हलली नाही, आणि त्या तीन दिवसांत ती हलवता आली असती तर निम्मं नुकसान वाचलं असतं. खताचं फार नाही सांगत: कंपोस्ट चांगलं असेल तर पुरतं, फक्त फुलोरा सुरू झाल्यावर नत्र हात आखडून द्या. मावा दोनदा आला, पाण्याच्या फवाऱ्याने गेला. अळीसाठी बीटी, म्हणजे अळी मारणारं जिवाणूंचं औषध, फवारलं, पण फुलं भरायच्या आधीच.

तर ऑटोच्या पाकिटाला माझ्याकडून पाचपैकी पाच. फोटोपीरियडच्या पाकिटाला दोन, आणि ते दोनही झाडाच्या जोमासाठी. व्हँकुव्हर बेटासारख्या सौम्य हवेत किंवा छत घालायची सोय असलेल्या अंगणात कोणी तेच लावलं तर कदाचित वेगळं लिहील. ग्वेल्फ, ओटावा, विनिपेग अशा ठिकाणी पहिलाच हंगाम असेल तर ऑटो घ्या, व्हिक्टोरिया डेच्या आठवड्यात पेरा आणि ऑगस्टात मोकळे व्हा.

यंदा चारही ऑटो लावणार आहे. दोन २२ मेला. उरलेल्या दोन ७ जूनला, म्हणजे सगळी काढणी आणि वाळवण एकाच आठवड्यात अंगावर येणार नाही, आणि दुसरी जोडीसुद्धा ऑगस्टअखेर घरात येईल. कॅलेंडरवर या वेळी काढणीची तारीख आधी लिहिली आहे. आप्पांना फोटो पाठवला, तर त्यांनी ७ जूनभोवती गोल करून परत पाठवला आणि खाली लिहिलं, "ही ५ कर. दोन दिवस हाताशी ठेव."

५ केली आहे.